हायलंड पार्कमधलं गॅरेज

जॉनी कार्सनच्या ‘द टुनाइट शो’त सोफ्यावर बसायला बोलावणं आलं की अमेरिकेतल्या कॉमेडियनचं नशीब उघडायचं. 1962 ते 1992 अशी सलग तीस वर्षं कार्सनने हा कार्यक्रम चालवला. नवा कॉमेडियन पडद्यामागून यायचा, पाच-सहा मिनिटांचा सेट सादर करायचा आणि शेवटच्या हशानंतर त्याची नजर टेबलामागे बसलेल्या कार्सनकडे जायची. कार्सनने अंगठा आणि तर्जनी जुळवून खूण केली की पोरगं भरून पावायचं. सोफ्याकडे हात दाखवला तर दुसऱ्या दिवशी फोन थांबायचा नाही. डिसेंबर 1973मध्ये फ्रेडी प्रिन्झ या एकोणीस वर्षांच्या मुलाला पहिल्याच वेळी हा मान मिळाला आणि वर्ष उलटायच्या आत तो ‘चिको अँड द मॅन’ या मालिकेचा नायक होता.

सोफ्यावरच्या गप्पा मात्र आधीच ठरलेल्या असत. कार्यक्रमाची माणसं पाहुण्याशी अगोदर बोलून घ्यायची, त्यातले चालतील ते किस्से निवडायची आणि त्या किश्शांपर्यंत नेणारे प्रश्न लिहून कार्सनच्या टेबलावर ठेवायची. विमानप्रवासाविषयी विचारलं गेलं, तर समजावं की पाहुण्याकडे विमानावरचा विनोद तयार आहे. माणूस मनातलं सांगतोय असं वाटायचं, प्रत्यक्षात सेटच बसून पुढे चालू असायचा. प्रिन्झने जानेवारी 1977मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. टीव्हीवर त्याला हसताना पाहणाऱ्या लाखो लोकांना त्याच्या आत काय चाललंय याची गंधवार्ता नव्हती, आणि ती मिळावी अशी सोयही त्या धंद्यात कुठे नव्हती.

गप्प राहण्याची सवय या धंद्याला त्याच्याही आधीपासून होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉमेडियन ज्या नाइटक्लबांत पोट भरायचे, त्यातले कित्येक गुंडांच्या मालकीचे होते. 1927मध्ये जो ई. लुईसने शिकागोचा ‘ग्रीन मिल’ क्लब सोडून दुसरीकडे काम धरलं, म्हणून त्याचा गळा आणि चेहरा चाकूने कापण्यात आला. तो वाचला, पुन्हा बोलायला शिकला आणि पुढे कित्येक वर्षं रंगमंचावर उभा राहिला. अशा मालकांकडे काम करणारा माणूस आपले पैसे, आपली भीती, आपले मालक यांविषयी चारचौघांत बोलत नाही.

अपवाद होतेच. लॅरी वाइल्ड हा स्वतः कॉमेडियन. त्याने जॅक बेनी, वुडी ॲलन अशा मंडळींना त्यांच्या कसबाविषयी विचारलं आणि 1968मध्ये त्या मुलाखतींचं पुस्तक केलं. डिक कॅव्हेटच्या टीव्ही कार्यक्रमात पाहुण्याला निवांत वेळ मिळायचा. हॉवर्ड स्टर्नच्या रेडिओवर कॉमेडियन मोकळे व्हायचे, पण तिथला सूर टवाळीचा, आणि चार माणसं एकदम बोलत असताना कुणाचं दुःख पुरतं ऐकून घेतलं जात नाही. सगळ्यांत गोड अपवाद एका शाळकरी पोराचा आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लाँग आयलंडवरच्या सायोसेट हायस्कूलच्या रेडिओ स्टेशनचं नाव सांगून जड अपॅटो हा मुलगा कॉमेडियनच्या मॅनेजरांना फोन करायचा. स्टेशन शाळेचं आहे, हे सांगायचा नाही. दार उघडलं की समोर टेपरेकॉर्डर घेतलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा उभा! जेरी साइनफेल्ड, गॅरी शँडलिंग, जे लेनो यांना त्याने विनोद कसा लिहायचा, उभं कसं राहायचं, पडल्यावर पुन्हा कसं उठायचं असे प्रश्न विचारले. त्याला खरोखरच कॉमेडियन व्हायचं होतं, त्यामुळे त्याला किश्शांपेक्षा कृती हवी होती. पुढे तो हॉलिवुडचा मोठा दिग्दर्शक झाला. त्या टेप बरीच वर्षं पडून होत्या. त्यांतले तुकडे 2010मध्ये लोकांना ऐकायला मिळाले ते लॉस एंजेलिसमधल्या एका गॅरेजातून. त्या गॅरेजाचा मालक होता मार्क मॅरन.

मॅरनचा जन्म 1963चा, न्यू जर्सीतला. वाढला न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीत. बॉस्टनला शिकला आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात लॉस एंजेलिसच्या ‘कॉमेडी स्टोअर’ या क्लबात दारावर उभं राहायची नोकरी धरून बसला.

या क्लबाविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण मॅरनने पुढे त्या गॅरेजात जो पॉडकास्ट केला त्यावर त्याचं नाव वारंवार निघायचं. सनसेट बुलेव्हार्डवरच्या ‘सिरोज’ या जुन्या नाइटक्लबाच्या इमारतीत सॅमी शोर आणि रूडी डी ल्यूका यांनी 1972मध्ये तो उघडला. पुढे घटस्फोटात तो सॅमीच्या बायकोकडे, मिट्झी शोरकडे आला. कोण कधी उभा राहणार हे मिट्झी ठरवायची, आणि पैसे कुणालाच द्यायची नाही. तिच्या मते ही शाळा होती. शाळेत शिकणाऱ्याला पगार कसला? 1979च्या वसंतात कॉमेडियननी संप पुकारला. टॉम ड्रीसन त्यांचा प्रवक्ता होता. लेनो आणि डेव्हिड लेटरमन संपकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. दीड महिन्याने मिट्झी एका सेटमागे 25 डॉलर द्यायला कबूल झाली. पण संपात पुढे असलेल्यांना पुन्हा वेळ मिळेना, अशी तक्रार उठली. संपात सामील असलेल्या स्टीव्ह लुबेटकिनने त्याच वर्षी 1 जूनला क्लबाशेजारच्या हॉटेलाच्या छतावरून उडी मारून जीव दिला. एरवी ही कथा या धंद्याच्या आतच फिरत राहिली. बाहेरच्या माणसाला कॉमेडी स्टोअर म्हणजे भिंतीवर मोठ्या तारेतारकांची नावं मिरवणारा काळा क्लब, एवढंच माहीत.

मॅरन तिथे पोचला तेव्हा संपाला बरीच वर्षं झाली होती. सॅम किनिसन या किंचाळत विनोद करणाऱ्या कॉमेडियनच्या टोळीत तो ओढला गेला, कोकेनमध्ये बुडाला आणि मन ताळ्यावर राहीना तेव्हा शहर सोडून निघून गेला. नव्वदच्या दशकात न्यू यॉर्कला ‘लूना लाउंज’सारख्या छोट्या जागांत जो नवा, आत्मकथनाच्या अंगाने जाणारा विनोद रुजला, त्यात तो होता. कोनन ओब्रायनच्या रात्रीच्या कार्यक्रमात तो चाळिसाहून अधिक वेळा आला. 1999मध्ये नशा सोडली. तरीही त्याच्याबरोबर सुरुवात केलेले लोक पुढे गेले आणि तो मागे राहिला. ही सल त्याच्या विनोदात दिसायची आणि वागण्यातही. मित्रांना ती आधी जाणवायची.

2004मध्ये सुरू झालेल्या ‘एअर अमेरिका’ या उदारमतवादी रेडिओने त्याला सकाळचा कार्यक्रम दिला. तिथे त्याला ब्रेंडन मॅकडॉनल्ड हा निर्माता भेटला. पुढच्या पाच वर्षांत कंपनी डबघाईला आली, मॅरनचे कार्यक्रम एकामागून एक बंद पडले, शेवटचा 2009च्या जुलैत. दुसरा घटस्फोट चालू होता, वय पंचेचाळिशीपार आणि हातात काम नाही. त्या काळात जीव देण्याचे विचार मनात यायचे, हे त्याने पुढे स्वतःच अनेकदा सांगितलं आहे.

इमारतीत शिरायचे जुने पास मात्र अजून चालत होते. रात्री, माणसं घरी गेल्यावर, मॅरन आणि मॅकडॉनल्ड ज्या कंपनीने काढून टाकलं तिच्याच स्टुडिओत शिरायचे आणि ध्वनिमुद्रण करायचे. 1 सप्टेंबर 2009ला ‘डब्ल्यूटीएफ विथ मार्क मॅरन’चा पहिला भाग आला, पाहुणा होता जेफ रॉस. काही आठवड्यांत मॅरन लॉस एंजेलिसला परतला आणि पॉडकास्टने हायलंड पार्क भागातल्या त्याच्या घराच्या गॅरेजात मुक्काम हलवला. आजूबाजूला भटक्या मांजरांचा वावर, म्हणून त्या घराला ‘कॅट रँच’ असं नाव पडलं. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, दोन माइक, भिंतीला टेकलेली पुस्तकं, पोस्टर आणि कागदांचे ढीग, साउंडप्रूफ काहीच नाही. दर सोमवारी आणि गुरुवारी नवा भाग.

काळ जुळून आला होता. ॲपलने 2005च्या जूनमध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली तेव्हापासून कुणीही घरबसल्या आवाज पाठवू शकत होता, आणि त्यावर ना जाहिरातदाराचा पहारा होता ना घड्याळाचा. जिमी पार्डो 2006पासून पॉडकास्ट करत होता. ॲडम कॅरोलाने रेडिओवरचं काम गेल्यावर 2009च्या सुरुवातीला स्वतःचा काढला. दुसरं कारण धंद्याच्या इतिहासातलं आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत गावोगावी कॉमेडी क्लब निघाले आणि नव्वदीच्या सुरुवातीला तितक्याच वेगाने बंद पडले. त्या लाटेत वाढलेली एक अख्खी पिढी 2009मध्ये चाळिशी-पन्नाशीत होती: वीस-पंचवीस वर्षांचे दौरे, मोडलेले संसार, हुकलेल्या मालिका, आणि सांगण्यासारखं प्रचंड काही. शिवाय कॉमेडियनचं काम रात्री. दुपारी तो मोकळा. शहरात राहणारे शेकडो लोक एका फोनवर गॅरेजात येऊ शकत होते.

ते आले, आणि बोलले. का बोलले, हा या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे. मॅरनची मुलाखतीची पद्धत पाहिली तर उत्तर सापडतं. तो हातात प्रश्नांची यादी घेऊन बसत नसे. पुष्कळ भागांत गप्पा मध्येच सुरू होतात. पाहुणा विचारतो, रेकॉर्डिंग चालू आहे का, आणि ते चालू असतं. मग गाव कुठलं, वडील काय करायचे, घरात आरडाओरडा व्हायचा का, आणि हमखास एक प्रश्न: तुझ्याबरोबरचे कोण कोण? म्हणजे ज्या वर्षी तू पहिल्यांदा माइक धरलास त्या वर्षी तुझ्या आगेमागे रांगेत कोण उभे होते. हा प्रश्न पत्रकाराला सुचणार नाही. तो त्याच रांगेत उभं राहिलेल्यालाच सुचतो, आणि तो विचारला की समोरचा माणूस प्रसिद्ध व्यक्ती राहत नाही, पुन्हा रांगेतला पोरगा होतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मॅरनला उत्तरं स्वतःसाठी हवी होती. पहिल्या वर्षातले कितीतरी पाहुणे असे होते, ज्यांचा तो मत्सर करायचा किंवा ज्यांच्याशी त्याचं वाजलं होतं. तो आधी आपल्या मनातलं किल्मिष उघड करायचा, माफी मागायची असेल तर मागायचा, आणि निरोप घेताना विचारायचा, आपल्यात आता ठीक आहे ना? चांगल्या मुलाखतकाराला आपलेपणाचा आव आणावा लागतो. मॅरनला तो आणावा लागला नाही, कारण पणाला त्याचंही काही लागलेलं असायचं. या पॉडकास्टची सगळी ताकद इथे आहे, आणि पुढे त्याची जी नक्कल झाली तिच्यात नेमकं हेच निसटलं.

एप्रिल 2010मध्ये मॅरन सॅन फ्रान्सिस्कोजवळ रॉबिन विल्यम्सच्या घरी गेला. विल्यम्स म्हणजे आवाजांचा धबधबा. टीव्हीवर त्याला कुणी प्रश्न विचारला की दहा पात्रं एकदम बाहेर पडायची आणि उत्तर देणारा माणूस त्यांच्या गर्दीत दिसेनासा व्हायचा. त्या दिवशी खोलीत प्रेक्षक नव्हते. विल्यम्सचा आवाज खाली आला. वीस वर्षं दारूला न शिवता काढल्यावर अलास्कात चित्रीकरण चालू असताना आपण पुन्हा कसे प्यायलो, हृदयाची झडप बदलल्यावर बारीकसारीक गोष्टीने डोळे कसे भरून येतात, हे त्याने शांतपणे सांगितलं. तरुणपणी क्लबांतून इतरांच्या ओळी आपल्या तोंडून निघून जायच्या आणि मग पैसे मोजायला लागायचे, या जुन्या आरोपालाही त्याने टाळलं नाही. आत्महत्येचा विचार एकदा चाटून गेला होता, तोही त्याने सांगितला, स्वतःच्याच मनाशी संवाद रंगवून, त्या विचाराची खिल्ली उडवत. ऑगस्ट 2014मध्ये विल्यम्सने खरोखरच जीव दिला तेव्हा मॅरनने तो भाग पुन्हा प्रसृत केला. ज्यांनी तेव्हा तो ऐकला त्यांना तो संवाद ऐकताना हसू येऊ शकलं नाही. 2022मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत हा भाग दाखल केला.

विनोदचोरी हा कॉमेडियनांच्या जगातला सगळ्यांत मोठा गुन्हा. कायदा इथे फारसा कामाचा नाही. विनोदाची कल्पना कुणाच्या मालकीची, हे कोर्टात सिद्ध करणं अवघड, म्हणून शिक्षा बिरादरीच करते: बोलणं बंद, काम देणं बंद, चारचौघांत नाव घेणं. ‘माइंड ऑफ मेन्सिया’ या मालिकेमुळे गाजलेल्या कार्लोस मेन्सियावर हा आरोप अनेकांनी केला होता. 2007मध्ये जो रोगनने कॉमेडी स्टोअरच्या मंचावरच त्याला गाठलं आणि त्याची चित्रफीत जगभर फिरली. मे 2010मध्ये मेन्सिया मॅरनकडे आला, गोड बोलला आणि गेला. मॅरनला वाटलं, आपल्याला गुंडाळलं. त्याने मेन्सियाला ओळखणाऱ्या दोन कॉमेडियनना बोलावून त्यांचं म्हणणं मुद्रित केलं आणि मेन्सियाला पुन्हा बोलावलं. मेन्सिया आला, हे विशेष. दुसऱ्या वेळी त्याचा आवाज वेगळा लागतो. तो बचाव करतो, अडखळतो, काही मान्य करतो, काही नाही. बिरादरीची पंचायत कशी बसते, हे बाहेरच्या माणसाला इतक्या जवळून ऐकायला मिळाल्याचं दुसरं उदाहरण नाही.

सगळे टिकले नाहीत. हातोड्याने कलिंगड फोडणारा गॅलघर हा एके काळी अमेरिकेतला प्रचंड लोकप्रिय माणूस. 2011च्या सुरुवातीला पोर्टलंडमधल्या हॉटेलच्या खोलीत मॅरनने त्याला समलिंगी लोकांवरच्या त्याच्या विनोदांबद्दल छेडलं, तसा तो चिडून उठला आणि मुलाखत अर्धी टाकून निघून गेला. एका वर्षाने, जानेवारी 2012मध्ये, टॉड ग्लासने याच पॉडकास्टवर आपण समलिंगी असल्याचं पहिल्यांदा जाहीरपणे सांगितलं. त्याचं वय तेव्हा सत्तेचाळीस. तरुण समलिंगी मुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचून गप्प राहवेना, असं त्याने सांगितलं. तो शब्द उच्चारतानाही त्याला किती जड जातंय ते ऐकू येतं. त्याच्या पिढीच्या क्लबांत मंचावर आणि मंचामागे समलिंगी माणूस म्हणजे हुकमी हशाची जागा, आणि तीस वर्षं तो त्या हशात उभा होता. गॅलघर आणि ग्लास हे दोन भाग लागोपाठ ऐकले म्हणजे तीस वर्षं गप्प राहण्याची किंमत कळते.

लुई सी.के.चे दोन भाग ऑक्टोबर 2010चे. बॉस्टनच्या दिवसांपासूनचे दोघे मित्र, मध्ये बोलणं बंद पडलेलं. सी.के. मोठा होत गेला तसा मॅरनचा जळफळाट वाढत गेला होता. तो त्याने कबूल केला. त्यावर सी.के.ने त्याला सुनावलं: माझी मालिका बंद पडली, माझा संसार मोडला, तेव्हा मला मित्र हवा होता आणि तू स्वतःला कुरवाळत बसला होतास. मुलीच्या जन्माचं सांगताना त्याचा गळा दाटतो. ‘स्लेट’ने 2014मध्ये हा आजवरचा सर्वोत्तम पॉडकास्ट भाग ठरवला. दोन प्रौढ पुरुष मैत्रीतल्या दुखापतीविषयी इतकं नेमकं बोलताना क्वचितच ऐकायला मिळतात. त्या काळी हजारो पुरुषांनी आपल्या तुटलेल्या मित्रांना फोन केले असतील, असं तो ऐकताना वाटतं.

नोव्हेंबर 2017मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने पाच स्त्रियांच्या तक्रारी छापल्या. सी.के.ने त्यांच्याशी लैंगिक गैरवर्तन केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने निवेदन काढून ते मान्य केलं. पुढच्याच भागात मॅरनने सांगितलं की कुजबुज त्याच्याही कानावर होती, त्याने सी.के.ला विचारलंही होतं, आणि सी.के.ने नाही म्हटलं होतं. त्याने विश्वास ठेवला. 

या इतिहासातली ही जखम लपवून पुढे जाता येत नाही. गॅरेजातला मोकळेपणा खरा होता, पण मोकळेपणा म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. माणूस एक दार सताड उघडतो तेव्हा दुसरं बंद आहे, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. रडणारा, स्वतःच्या चुका मोजून सांगणारा माणूस विश्वासार्ह वाटतो. आणि कॉमेडियन तर ऐकणाऱ्याला आपल्या बाजूला वळवण्यात आयुष्य घालवतो. 2010चे ते भाग आज ऐकायचे तर ही जाण ठेवून ऐकायला हवेत. ते खोटे ठरत नाहीत, अपुरे ठरतात.

जून 2015मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा गॅरेजात आले. शेजाऱ्याच्या छतावर बंदूकधारी पहारेकरी बसला, गल्ली बंद झाली. ओबामांना तो परिसर नवा नव्हता, शेजारच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात ते शिकले होते. चार्ल्सटनच्या चर्चमधल्या हत्याकांडाला तेव्हा दोनच दिवस झाले होते आणि वर्णद्वेषाविषयी ते जे बोलले त्याची जगभर बातमी झाली. पॉडकास्ट या माध्यमाला त्यामुळे प्रतिष्ठा मिळाली, हे खरं. तरी मॅरनच्या कामाचा गाभा तिथे नाही. तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातल्या लॉर्न मायकल्सच्या भागात जास्त सापडतो. 1995मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’साठी मायकल्सने मॅरनला भेटायला बोलावलं होतं आणि काम दिलं नव्हतं. टेबलावरच्या भांड्यातली एक गोळी आपण उचलली आणि तिथेच बाजी गेली, असा मॅरनचा समज. वीस वर्षं त्या कार्यक्रमातला जो कुणी भेटेल त्याला तो मायकल्सविषयी विचारत राहिला. शेवटी मायकल्स समोर बसला तेव्हा उमगलं की त्याच्या लेखी ती भेट असंख्य भेटींपैकी एक होती. नाकारला गेलेला माणूस त्या क्षणाभोवती केवढी इमारत बांधतो, आणि नाकारणाऱ्याच्या गावीही ते नसतं, हे कळायला तो एक भाग पुरेसा आहे.

पुढची वर्षं भराभर गेली. मॅरनला स्वतःची मालिका मिळाली, ‘ग्लो’मधल्या कुस्ती-दिग्दर्शकाच्या भूमिकेने नवे प्रेक्षक मिळाले, हायलंड पार्कचं घर सुटलं. पाहुण्यांत नट, गायक, लेखक वाढले. मे 2020मध्ये त्याची जोडीदार, दिग्दर्शिका लिन शेल्टन, अचानक गेली. दोनच दिवसांनी सोमवार होता. मॅरन माइकसमोर बसला, रडत बोलला, आणि 2015मध्ये तिच्याशी झालेल्या पहिल्या दीर्घ गप्पा त्याने पुन्हा ऐकवल्या. साथीत घरांत कोंडलेल्या, आपली माणसं गमावलेल्या लोकांना त्या भागाने जे दिलं ते शोकावरच्या पुस्तकांनी दिलं नसेल.

तोवर अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक कॉमेडियनचा पॉडकास्ट निघाला होता. कॅमेरे आले, छोटे तुकडे कापून फिरवायची पद्धत आली, आणि आपलं दुःख सांगणं हा तिकीटविक्रीच्या दौऱ्यातला एक थांबा झाला. 2025च्या जूनमध्ये मॅरनने थांबत असल्याचं जाहीर केलं. तो आणि मॅकडॉनल्ड दोघेही थकले होते, आणि थकलेल्या अवस्थेत काम ओढत न्यायचं नव्हतं. 13 ऑक्टोबर 2025ला शेवटचा भाग आला. यावेळी मॅरन ओबामांच्या वॉशिंग्टनमधल्या कचेरीत गेला. सोळा वर्षांत सोळाशेहून जास्त भाग झाले होते.

नव्या श्रोत्याने सुरुवात ओबामांपासून करू नये. आधी विल्यम्स ऐकावा. मग मेन्सियाचे दोन भाग पाठोपाठ, मध्ये दिवस न घालवता, कारण दुसऱ्यातला बदललेला आवाज पहिला कानात ताजा असतानाच कळतो. सी.के.चे दोन भाग ऐकायचे तर त्यांना जोडून 2017च्या नोव्हेंबरातलं मॅरनचं बोलणंही ऐकावं. आणि त्यानंतर जोनाथन विंटर्स. रॉबिन विल्यम्स ज्याला गुरू मानायचा तो हा माणूस, 1959मध्ये मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल झाला होता, दोन वर्षांनी पुन्हा. ज्या काळात अशा गोष्टीवर लोक दबक्या आवाजात बोलायचे त्या काळात तो ती मंचावर विनोदातूनच सांगत राहिला. मॅरन त्याच्या घरी गेला तेव्हा विंटर्सने ऐंशी ओलांडली होती. तो एका पात्रातून दुसऱ्यात शिरतो, मध्येच बाहेर येतो, आणि मॅरन त्याला थांबवत नाही.